नवे यकृत घरी आल्यावर

१४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईहून बातमी आली आणि लातूर सुन्न झाले. तत्कालीन केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञानमंत्री विलासराव देशमुख यांचे यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती. प्रत्यारोपणासाठी त्यांना मुंबईहून विमानाने चेन्नईला नेण्यात आले होते. पण ते होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. यकृत प्रत्यारोपण म्हणजे काय, हे जिल्ह्यातील अनेकांना त्या निमित्ताने कळले.

प्रत्यारोपणाचा विषय निघाला की बोलणे होते ते दाता कोण, खर्च किती आणि नंबर कधी लागणार याविषयी. ते स्वाभाविकच आहे. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊन रुग्ण घरी परतल्यानंतरचा काळही तितकाच कसोटीचा असतो. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा हैदराबादला होते. पुढची वर्षे मात्र गावातच काढायची असतात. लातूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. त्यामुळे बिघाडाची पहिली खूण ओळखण्याची जबाबदारी बहुतेक वेळा घरच्यांवरच येते.

सुरुवातीचे धोके

शस्त्रक्रियेत नव्या यकृताच्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका रुग्णाच्या शरीरातील नलिकांना जोडतात. सुरुवातीच्या बहुतेक अडचणी या जोडांशी संबंधित असतात. यकृताच्या धमनीत गुठळी झाली तर पित्तनलिकांचा रक्तपुरवठा थांबतो आणि यकृतच धोक्यात येते. म्हणून पहिल्या काही दिवसांत डॉप्लर सोनोग्राफी वारंवार करतात. पित्तनलिकेचा जोड गळणे किंवा काही महिन्यांनी तो आकसणे ही त्याहून जास्त आढळणारी अडचण. भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. त्यात नलिका बारीक आणि कधी एकाहून अधिक असल्याने हा त्रास अधिक दिसतो. अनेकदा दुर्बिणीतून नळी म्हणजे स्टेंट घालून तो दूर करता येतो, पण त्यासाठी वेळेत पोहोचावे लागते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, शौचाचा रंग फिका पडणे, अंगाला खाज सुटणे आणि थंडी वाजून ताप येणे ही त्याची लक्षणे.

दुसरा धोका शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा. नवे यकृत तिला परके वाटते आणि ती त्यावर हल्ला करते. पहिल्या तीन महिन्यांत हे जास्त घडते. अडचण अशी की त्यात रुग्णाला अनेकदा काहीच जाणवत नाही. फक्त रक्ततपासणीत यकृताची विकरे वाढलेली दिसतात. 'आता बरे वाटते, मग तपासणी कशाला?' हा विचार म्हणूनच महागात पडू शकतो. वेळेत कळले तर बहुतेक वेळा स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी आणि औषधांच्या मात्रेत बदल करून हा हल्ला आटोक्यात येतो.

गोळीचे गणित

अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण वाचला नाही. वर्षाहून अधिक काळ जगलेला रुग्ण मिळायला १९६७ उजाडले. खरा बदल घडला तो प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांमुळे. आज सर्वाधिक वापरले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध १९८४ मध्ये जपानमधील मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले.

या औषधाचे रक्तातील प्रमाण फार मोजके ठेवावे लागते. कमी पडले तर यकृतावर हल्ला, जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा, हात थरथरणे आणि संसर्ग. म्हणून गोळ्या रोज ठरलेल्या वेळीच घ्यायच्या. प्रमाण तपासायचे असेल त्या दिवशी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे आणि मगच गोळी घ्यायची. गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास आकडा फसवा येतो आणि त्यावरून ठरवलेली मात्राही चुकते.

इतर औषधांनीही हे गणित बिघडते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल घेतल्यास टॅक्रोलिमस रक्तात वाढते. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने ते झपाट्याने घटते. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळेही टाळावीत. अंगदुखीसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. त्यामुळे सर्दी-खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेले तरी पहिले वाक्य 'माझे यकृत प्रत्यारोपण झाले आहे' हेच असावे.

काढ्यांबाबतही सावध राहायला हवे. 'प्रतिकारशक्ती वाढेल' म्हणून नातेवाईक आपुलकीने गुळवेलीचा काढा आणून देतात. पण या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दामच कमी ठेवलेली असते. प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय असे काहीही घेऊ नये.

ताप, पाणी आणि धूळ

प्रतिकारशक्ती कमी असल्याने साधा संसर्गही गंभीर होऊ शकतो. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहायची नाही. त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा. रेंगाळणारा खोकला आणि घटणारे वजन असेल तर क्षयाची तपासणी हवीच.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाणी साठवून वापरण्याची सवय जुनीच आहे. प्रत्यारोपण झालेल्यांनी ते उकळून, झाकून ठेवलेलेच प्यावे. जुलाब लागले तर धोका दुहेरी असतो: शरीरातील पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो आणि त्याच वेळी रक्तातील टॅक्रोलिमस वाढते. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नये, पण रक्ततपासणी लगेच करावी. सोयाबीनची मळणी, जुना कडबा किंवा ओलसर धान्य हलवण्याचे काम सुरुवातीच्या महिन्यांत इतरांवर सोपवावे, कारण त्या धुळीत बुरशीचे कण असतात. पुढेही असे काम करताना मास्क लावावा. जिवंत विषाणू असलेल्या लसी सहसा दिल्या जात नाहीत. बाकी लसी डॉक्टरांना विचारून जरूर घ्याव्यात.

वर्षे उलटतात तसे धोके बदलतात. मधुमेह, रक्तदाब, वाढते वजन आणि मूत्रपिंडाचे विकार पुढे येतात. त्वचेच्या व इतर काही कर्करोगांची शक्यताही वाढते. मूळ आजार दारूमुळे झाला असेल तर दारू पुन्हा सुरू होणे हा सर्वांत मोठा धोका. नव्या यकृतालाही चरबीचा विकार होऊ शकतो.

एवढे वाचून घाबरण्याचे कारण नाही. जगातील चांगल्या केंद्रांत प्रत्यारोपणानंतर वर्षभराने दहापैकी नऊच्या आसपास रुग्ण जिवंत असतात आणि अनेकजण पुढे वीस-वीस वर्षे कामधंदा करतात. त्यासाठी घरात एक फाइल हवी: गोळ्यांची नावे व मात्रा, शेवटचे रक्ताचे अहवाल आणि केंद्रातील समन्वयकाचा फोन नंबर. ती घरातल्या किमान दोघांना वाचता यायला हवी, कारण मध्यरात्री ताप चढला तर रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आधीच आणून ठेवाव्यात. हे यकृत बहुधा घरातल्याच कोणीतरी पोटावर शस्त्र चालवून घेऊन दिलेले असते, किंवा दुःखात बुडालेल्या एखाद्या अनोळखी कुटुंबाने. ते दुसऱ्यांदा मिळणे फार कठीण असते.