वृद्धसेवा केंद्राचे दप्तर पाहताना

बँकेच्या सेवेत असताना गोदाम तपासणी हे माझ्या कामाचे एक अंग होते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि बोईसर-पालघरच्या पेढ्या यांना मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट दिलेले असे. त्यांच्या गोदामांत आम्ही आगाऊ न कळवता जात असू. स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवलेला माल प्रत्यक्षात आहे का, खालच्या थरातील पोती भिजलेली तर नाहीत ना, विम्याची मुदत संपली नाही ना, हे पाहायचे. कळवून केलेल्या तपासणीला आमचे एक वरिष्ठ अधिकारी ‘चहापान’ म्हणत.

जी दक्षता मी इतरांच्या पोत्यांबाबत तीस वर्षे बाळगली, ती माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत बाळगली नाही.

अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. पण पुढे तिचे करणार कोण? भाचा परदेशी, भाची सुरतेला. ब्यूरोकडून आणलेल्या बाया आठ-दहा दिवसांत काम सोडून जात. शेवटी पालघरपासून दीड तासाच्या अंतरावरील एका खासगी वृद्धसेवा केंद्रात तिला ठेवले. स्वच्छ अंगण, बोलका व्यवस्थापक, आणि प्रवेशपत्रिकेवर ‘जैन भोजन’ या चौकटीत खूण. आमचे समाधान झाले.

दर रविवारी अकराच्या सुमारास मी जात असे आणि निघण्यापूर्वी फोन करीत असे. अक्का न्हाऊन, वेणीफणी करून चाकाच्या खुर्चीत बसलेली असे. मला चहा मिळे.

सातव्या आठवड्यात त्या बाजूला काही काम निघाले म्हणून बुधवारी भर दुपारी गेलो. फोन केला नव्हता. अकरा वृद्धांसाठी एकच मावशी होती. अक्का उताणी पडलेली. चादर सरकवली तर माकडहाडाशी तळहाताएवढी जखम. बेडसोर, म्हणजे शय्याव्रण. एकाच कुशीवर वा पाठीवर तासन् तास पडून राहिल्याने त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि मांस मरू लागते. आरंभी केवळ लाली दिसते. बोटाने दाबूनही ती फिकी होत नाही, हीच पहिली खूण. त्याच वेळी लक्ष गेले असते, तर पुढचे बहुधा टळले असते.

मी नोंदवही मागितली. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आणि सही, एकही दिवस खंड नाही. सगळीकडे एकच शाई, अक्षराचे एकच वळण, कोठे खाडाखोड नाही. घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि दोनच्या व चारच्या रकान्यांत सह्या होऊन गेल्या होत्या. बँकेत एवढ्यावर कोणालाही पुढचे विचारावे लागले नसते.

वजनाचा कागदही पाहिला. प्रवेशाच्या दिवशी बावन्न किलो. त्यानंतर वजन केलेलेच नव्हते. घरी आणून केले तेव्हा पंचेचाळीस भरले. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. रात्रीचे जेवण पावणेआठला येई. सूर्यास्तानंतर अक्का अन्न घेत नाही. आजारपणामुळे पाणी आणि औषध यांची तेवढी सूट तिने घेतली आहे. त्यामुळे ताट परत जाई आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने दिली जाई, उपाशीपोटी. पहाटे तिला घाम फुटे, हात कापत. कांदा-लसूण नाही एवढ्यावर आम्ही ‘जैन भोजन’ संपवले होते. ताट किती वाजता येते, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही नाही.

“तू सांगितलेस का नाहीस?” असे विचारल्यावर अक्का म्हणाली, “तू एवढ्या लांबून येतोस, चहा घेऊन जातोस. तुला कशाला त्रास?”

पुढे मी कायदा चाळला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. त्यांच्यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी लागते. अधिनियमाच्या व्याख्येत आजार व इजा यांबरोबर दौर्बल्याचाही उल्लेख आहे. परंतु उपचार व शुश्रूषा देणारी जागा, अशी ती व्याख्या आहे. ‘आम्ही उपचार करीत नाही, केवळ सांभाळतो’ असे म्हणणारे केंद्र तिच्या कडेवर उभे राहते. केंद्र न्यासाचे असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. पाठीवरची जखम जात नाही. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत निराधारांसाठी वृद्धाश्रमांची तरतूद आहे. खासगी केंद्रांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झालेच नाही आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. इंग्लंडमध्ये सरकारी निरीक्षक अशा केंद्रांना श्रेणी देतात आणि ती दारावर लावावी लागते. अमेरिकेने १९८७ मध्येच कायदा करून सोयीसाठी वृद्धांना बांधून ठेवण्यास किंवा औषधाने गुंगवून ठेवण्यास बंदी केली. अर्थात कायदा असूनही तिकडे प्रमाद घडतातच.

तेव्हा तूर्त निरीक्षक आपणच. माझे मत असे की दिवाणखाना, बाग आणि मंदिर शेवटी पाहावे. आधी रात्रीच्या पाळीला किती माणसे असतात ते विचारावे आणि एकदा रात्री नऊला जाऊन मोजावे. बिछान्याजवळची घंटा दाबून कोणी किती वेळात येते ते पाहावे. भरवताना वृद्धाला बसते करतात की आडवेच ठेवतात, हेही पाहावे. आडवे ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. झोपेची गोळी कोणाच्या चिठ्ठीवर दिली जाते, हे विचारण्यात संकोच नसावा. आपल्या माणसाचे वजन महिन्यातून एकदा समोर करून घ्यावे. भेटीच्या वेळी पाठ आणि टाचा पाहाव्यात. मुलांना हे अवघड वाटते. मलाही वाटले होते.

आगीचा प्रश्न वेगळाच. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अनेक रुग्ण दगावले. स्वतः उठून चालू न शकणाऱ्यांसाठी जिना असून नसल्यासारखा. बोईसरकरांना तर जानेवारी २०२० मधील कोलवडे गावाजवळच्या कारखान्याचा स्फोट आठवत असेल. वसाहतीच्या आसपास केंद्र असेल, तर वायुगळती झाल्यास खाटेवरच्यांना कोण, कशातून, कोठे नेणार, याचे उत्तर व्यवस्थापकाकडे तयार हवे. तक्रारीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ आहे. तो क्रमांक वृद्धांच्या हाताशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

अक्काची जखम भरायला चार महिने लागले. आता ती आमच्याकडे आहे. प्रत्येक घरी हे शक्य होणार नाही, याची मला जाणीव आहे. दुकान, मुंबईच्या फेऱ्या, लहान घर, आणि सुनेचेही वय झालेले. केंद्रात ठेवणे म्हणजे टाकणे, असे मी म्हणणार नाही.

आमच्या पेढीवरच्या एका जुन्या स्नेह्यांना गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रात ठेवले. आम्ही तिघे निवृत्त मित्र महिन्यातून एकदा तेथे जातो. वार ठरवत नाही, फोन करीत नाही. पहिल्या खेपेस तेथील परिचारिकाबाई नाराज झाल्या. तिसऱ्या खेपेस त्यांनी आपणहून नोंदवही पुढे केली. दोन प्रकारच्या शाया होत्या, एके ठिकाणी चहाचा डाग होता. मंगळवारच्या पहाटे चारच्या रकान्यात लिहिले होते : ‘मावशी रजेवर. कूस बदलली नाही. सहाला बदलली.’

मी ती वही मिटून परत दिली आणि स्नेह्यांजवळ जाऊन बसलो.