पाण्याचा ताळेबंद: आकडा ऐकण्याआधी पाच प्रश्न विचारा



दिवाळीच्या आसपास बऱ्याच गावांत ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. कोणीतरी तक्ता वाचतं, "यंदा इतके टीसीएम पाणी शिल्लक आहे." टीसीएम म्हणजे एक हजार घनमीटर, आपल्या भाषेत १० लाख लिटर. शिल्लक ऐकून कुणी गहू पेरतं, कुणी कांदा लावतं. बियाण्यासाठी, खतासाठी गटातून कर्ज उचललं जातं. पण माघ-फाल्गुनात विहिरीनं तळ गाठला तर पीक वाळतं आणि गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. हंडा घेऊन लांब जायचं, तेही आपल्यालाच.

म्हणून हा आकडा कसा तयार होतो ते समजून घेऊ. अवघड काही नाही. गटाचा हिशोब आपण जमा, खर्च, शिल्लक असा लिहितो. पाण्याचं तेच. पाऊस ही जमा. वाहून गेलेलं, हवेत उडालेलं, पिकांनी आणि माणसा-जनावरांनी वापरलेलं पाणी हा खर्च. संगणकावर केला की त्याला मॉडेल म्हणतात. पण संगणक फक्त बेरीज-वजाबाकी करतो. त्यात काय घालायचं ते माणूस ठरवतो, आणि चूक तिथेच होते.

१. हद्द कुठली धरली?

पाणी सातबारा बघून वाहत नाही. ते माथ्यावरून पायथ्याकडे जातं. गावाची महसुली हद्द वेगळी आणि पाणलोटाची वेगळी. एक हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. समजा, आपला पाणलोट ५०० हेक्टरचा धरला आणि पाऊस ६०० मिलीमीटर झाला, तर जमा ३०० कोटी लिटर. पण त्यातल्या १०० हेक्टरचा उतार पलीकडच्या गावाकडे असेल, तर ६० कोटी लिटर आपले नव्हतेच. नकाशा घेऊन एकदा शिवारफेरी करा.

२. पाऊस कुठला मोजला?

बहुतेक वेळा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा घेतात. पण एका शिवारात धो धो आणि दुसऱ्यात शिंतोडे, हे आपण दरवर्षी बघतो. गावातच मोजा. सपाट तळाचं, वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचं भांडं झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजून वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलीमीटर पाऊस.

३. मुरलं किती धरलं?

सगळ्यात नाजूक जागा ही. जमिनीत मुरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंदाज धरावा लागतो. तो माती, उतार, खडक आणि पाऊस कसा पडला यावर ठरतो. सहाशे मिलीमीटर पाऊस चार दिवसांत कोसळला तर बराचसा ओढ्यानं निघून जातो. तोच चाळीस दिवस रिमझिम पडला तर चांगला मुरतो.

अंदाज थोडा चुकला तर काय होतं, बघा. ३०० कोटी लिटरपैकी १० टक्के मुरलं धरलं तर ३० कोटी. खरं ७ टक्केच मुरलं असेल तर २१ कोटी. फरक ९ कोटी लिटरचा. एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी धरलं तर एकरी सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतात. गव्हाच्या पाच पाळ्यांचे झाले १२ लाख. म्हणजे तीन टक्क्यांच्या चुकीत ७५ एकर गहू कोरडा!

४. एकच पाणी दोनदा जमा धरलं का?

पेटीतली रोकड बँकेत भरली आणि दोन्हीकडे जमा दाखवली, तर गटाची बाकी फुगेल. पाण्याचंही तसंच होतं. बंधाऱ्यातलं पाणी मुरून खालच्या विहिरीला येतं. ते बंधाऱ्यातही मोजलं आणि विहिरीतही, तर कागदावरचा साठा वाढतो, जमिनीतला नाही.

५. मागच्या वर्षांशी ताडून पाहिलं का?

हीच खरी परीक्षा. त्याच पद्धतीनं मागच्या तीन-चार वर्षांचा हिशोब काढायला सांगा, त्यात एक दुष्काळी वर्ष हवंच. चांगल्या पावसात कुठलाही हिशोब जुळतो. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटली, टँकर कधी लागला, हे आपल्याला तोंडपाठ असतं. ते तक्त्याशी जुळत नसेल तर तिथेच सांगा. मात्र उत्तर जुळावं म्हणून कुठलाही एक आकडा ओढूनताणून बदलू देऊ नका. पाऊस जास्त आणि मुरणं कमी धरलं तरी बेरीज जुळते. पुढच्या वर्षी तोच हिशोब फसवतो.

मग ठरवायचं कसं?

एक आकडा मागू नका, दोन मागा: कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. रब्बीचं क्षेत्र कमीच्या आकड्यावर ठरवा. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढा. १,५०० माणसांना रोज माणशी ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. मग जनावरं आणि मग पिकं. पाणी बेताचं असेल तर हरभऱ्यासारखं कमी पाण्याचं पीक बघा. दोन पाळ्यांत त्याचं एकरी काम ५ लाख लिटरच्या आत होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद बघूनच रब्बीची पिकं ठरवते.

या महिन्याच्या बैठकीत तीन कामं वाटून घ्या: पाऊस कोण लिहिणार, कोणत्या दोन विहिरींची पातळी दर महिन्याला दोरीनं मोजायची आणि ग्रामसभेत हे पाच प्रश्न कोण विचारणार. विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे, ते लिहून ठेवा. रब्बीच्या कर्जाचा अर्ज समोर आला की गटाच्या वहीशेजारी ही वहीही उघडा.