टॉवर एक, उंच्या तीन: तुमचा फोन उंची मोजतो तरी कशी?

कुठल्याही उंच जागी पोहोचलो की आपण काय करतो? आधी सेल्फी, मग रील आणि मग कुणीतरी एखादं अ‍ॅप उघडून विचारतं, "आपण नक्की किती उंचावर आहोत रे?" स्क्रीनवर आकडा येतो आणि आपण तो खरा धरून चालतो. पण हा आकडा येतो कुठून? आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर वेगळाच आकडा आला तर खरा कोणता मानायचा?

हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. जिची उंची आधीच माहीत आहे अशा ठिकाणी जायचं आणि फोन काय सांगतो ते बघायचं. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते, तेव्हा आम्ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड विल्डबाड गावाच्या वरच्या जंगलात गेलो. हो, केकवाला ब्लॅक फॉरेस्ट! तिथे २०१४ साली एक भन्नाट गोष्ट बांधली गेली. तिचं जर्मन नाव बाउमविप्फेलफाड. बाउम म्हणजे झाड, विप्फेल म्हणजे शेंडा, फाड म्हणजे वाट. थोडक्यात, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी वाट.

जागा कशी आहे?

गावातून केबलने ओढली जाणारी रेल्वे तुम्हाला सुमारे ३०० मीटर वर डोंगरमाथ्यावर नेते. तिथून थोडं चाललं की लाकडी वाट सुरू होते. तिची एकूण लांबी १२५० मीटर. ती हळूहळू जमीन सोडते आणि २० मीटरपर्यंत उंच जाते. उंच सुचीपर्णी झाडांच्या मुळांपाशी सुरुवात करून थोड्या वेळाने तुम्ही त्यांच्या शेंड्यांशी डोळ्याला डोळा भिडवून चालत असता. शेवटी ४० मीटर उंच लाकडी टॉवर येतो. त्यात जिना चढायचा नाही, वाटच गोल गोल फिरत वर जाते.

बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून मी आधीच चढ किती आहे ते बघून ठेवलं होतं. जास्तीत जास्त ६ टक्के. म्हणजे १०० मीटर चाललात की ६ मीटर वर. या हिशोबाने ४० मीटर उंची गाठायला पाऊण किलोमीटरच्या आत-बाहेर चालावं लागतं, पण एकही पायरी नाही. व्हीलचेअर आणि बाळांच्या गाड्याही वरपर्यंत जातात. बाबा मध्ये दोनदा टेकले, पण वर आले.

वर पोहोचल्यावर मी माझ्या फोनवर उंची बघितली, बाबांनी त्यांच्या अँड्रॉइडवर. बाबांचा आकडा माझ्यापेक्षा जवळपास ५० मीटरने जास्त! "अगं, आपण एकाच टॉवरवर आहोत ना?" बाबा म्हणाले. त्यात आईच्या फिटनेस अ‍ॅपने टॉवर धरलाच नव्हता. त्याच्या मते ती अजून जमिनीवरच होती.

गंमत बघा, दोन फोनमधला फरक टॉवरच्या उंचीपेक्षा मोठा. तरीही तिन्ही फोन बिघडलेले नव्हते. तिघं वेगवेगळ्या पद्धतीने उंची सांगत होते, एवढंच.

पद्धत पहिली: उपग्रह

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले" असा संदेश पाठवत असतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. चार किंवा जास्त उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा मिळते.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत अचूक जागा सांगतो. पण हे झालं नकाशावरच्या जागेबद्दल. उंचीत चूक जास्त होते, आणि कारण सोपं आहे. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दिशांना दोन्ही बाजूंनी उपग्रह असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या चुका एकमेकांना सावरतात. वर-खाली या दिशेत मात्र सगळे उपग्रह वरच. पायाखालचे उपग्रह पृथ्वीने झाकलेले असतात.

त्यात जंगल. हा सिग्नल आपल्यापर्यंत येईस्तोवर अत्यंत क्षीण झालेला असतो. पानं, त्यातही ओली पानं, तो आणखी शोषून घेतात. काही सिग्नल खोडांवर आणि खडकांवर आपटून वळसा घेऊन येतात. फोनला वाटतं उपग्रह जरा लांब आहे. मग जागा सरकते, उंचीही सरकते. म्हणूनच वाटेच्या सुरुवातीला झाडांखाली माझा निळा ठिपका नाचत होता आणि टॉवरच्या माथ्यावर, मोकळ्या आकाशाखाली, शांत बसला.

पण ५० मीटरचा फरक यातून येत नाही. त्याचं कारण वेगळंच आहे.

शून्य कुठे मानायचं?

उंची म्हणजे "कशापासून" उंची? आपण म्हणतो समुद्रसपाटीपासून. जीपीएस मात्र मुळात समुद्र ओळखत नाही. तो पृथ्वीचा एक गुळगुळीत, ध्रुवांपाशी किंचित चपटा असा गणिती आकार धरतो आणि त्याच्यापासून उंची काढतो. खरी समुद्रसपाटी तशी गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे सारखं वस्तुमान नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षण कमी-जास्त होतं आणि पाण्याची पातळी कुठे फुगते, कुठे खोल जाते. या खऱ्या, उंचसखल पातळीला जिऑइड म्हणतात.

ब्लॅक फॉरेस्टच्या भागात जिऑइड त्या गणिती आकाराच्या ४५ मीटरहून जास्त वर आहे. बाबांच्या अ‍ॅपने कच्ची जीपीएस उंची दाखवली. माझ्या अ‍ॅपने हा फरक वजा करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

आता आपल्याकडची मजा. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जगातला सर्वांत खोल जिऑइड आहे, १०० मीटरहून जास्त खाली. त्या खड्ड्याचा उतार पार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे जुहूच्या वाळूत उभं राहून कच्ची उंची दाखवणारं अ‍ॅप उघडलंत, तर आकडा उणे साठच्या आसपास दिसेल. घाबरू नका, तुम्ही बुडालेला नाही!

आयफोन अ‍ॅपला समुद्रसपाटीपासूनची उंची थेट देतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय अँड्रॉइड १४ पासून अधिकृतपणे आली. त्याआधी हे गणित अ‍ॅप बनवणाऱ्याने स्वतः करायचं होतं. कुणी केलं, कुणी नाही.

पद्धत दुसरी: हवा

बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतो, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर. आपल्या डोक्यावर जेवढी हवा, तेवढं तिचं वजन. वर चढलो की डोक्यावरची हवा कमी होते, दाब उतरतो. समुद्रकिनारी दर साडेआठ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल, आणि सातशे मीटरच्या आसपास दर ९ मीटरला १.

हा सेन्सर किती छोटा असतो? बॉश सेन्सरटेक कंपनीचा एक प्रसिद्ध बॅरोमीटर फक्त २ बाय अडीच मिलिमीटर आकाराचा आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षाही बुटका! आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो आणि त्याच्यामागे बंद पोकळी. बाहेरचा दाब बदलला की पडदा वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून आकडा निघतो. ही कंपनी स्टुटगार्टजवळच्या रॉयटलिंगेनची, म्हणजे या टॉवरची जवळपास शेजारीणच. आणि आयफोनमध्ये बॅरोमीटर पहिल्यांदा आला तो आयफोन ६ मध्ये, २०१४ साली. टॉवरही त्याच वर्षीचा.

मी टॉवरच्या पायथ्याशी आणि माथ्यावर दाब बघितला. फरक आला ४.३ हेक्टोपास्कल. गुणिले ९, म्हणजे ३८-३९ मीटर. चाळीस मीटरच्या टॉवरला हे उत्तर फर्स्ट क्लास आहे. जीपीएसला इतकं जवळ येणं नशिबावर.

टॉवरमधून खाली यायला ५५ मीटर लांबीची बंद नळीसारखी घसरगुंडी आहे. आई-बाबांना चालत पाठवून मी फोन चेनच्या खिशात टाकला आणि निघाले. नंतर रेकॉर्डिंग बघितलं. नळीत शिरताच जीपीएस गोंधळला होता. दाबाची रेघ मात्र नीट, एका दमात चढलेली. हवेला नळी काय आणि मोकळं आकाश काय, सारखंच.

मग बॅरोमीटरवरच विश्वास ठेवायचा का?

थांबा. बॅरोमीटर उंची मोजत नाही, दाब मोजतो. आणि दाब उंचीशिवायही बदलतो. वादळी हवा आली आणि दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला, तर तंबूत झोपल्या झोपल्या तुम्ही चाळीसेक मीटर "चढलात". आपल्या भागात तर वादळही लागत नाही. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हे रोज घडतं. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे पुण्यात टेबलावर पडलेला फोन सकाळपासून दुपारपर्यंत या टॉवरच्या अर्ध्या उंचीएवढा चढतो!

म्हणून बॅरोमीटर दोन जागांमधला फरक सांगण्यात पक्का आहे, तोही थोड्या वेळात मोजला तर. एकट्या जागेची उंची सांगायला त्याला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

पद्धत तिसरी: नकाशा

आईच्या अ‍ॅपने काहीच मोजलं नव्हतं. तिच्या फोनमध्ये बॅरोमीटर नाही. स्वस्त फोनमध्ये तो बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. अशा वेळी काही अ‍ॅप्स जीपीएसवरून फक्त जागा घेतात आणि त्या जागी जमीन किती उंच आहे ते तयार नकाशातून वाचतात. रस्त्यावर धावणाऱ्याला ही पद्धत छान आहे. टॉवर, पूल आणि इमारती मात्र तिच्या हिशोबात नसतात.

याने फरक काय पडतो?

सेल्फीच्या कॅप्शनपुरतं असेल तर काहीच नाही. पण सह्याद्रीचा विचार करा. कोकणकड्यासारख्या जागी नकाशावर ३० मीटर इकडे-तिकडे म्हणजे कड्याच्या माथ्यावर की शेकडो मीटर खाली, एवढा फरक. पावसाळ्यात, झाडीत, जीपीएस ३० मीटर सहज सरकतो. आणि नकाशावरून उंची घेणारं अ‍ॅप त्या सरकलेल्या ठिपक्याखालची उंची पूर्ण आत्मविश्वासाने सांगतं. चुकलेल्या माणसाला शोधणाऱ्यांना या आकड्यावर भरवसा ठेवून चालत नाही. अमेरिकेत तर आपत्कालीन कॉलसोबत फोनची उंचीही कळावी असा नियम आहे, कारण नकाशावरचा ठिपका इमारतीचा मजला सांगत नाही. ८० टक्के कॉलमध्ये चूक ३ मीटरच्या आत हवी.

म्हणून ट्रेकला जाताना एवढं लक्षात ठेवा:

१. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे का ते बघा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप टाका. जो सेन्सर फोनमध्ये नाही त्याचा प्रयोग त्यात पुसट दिसतो.

२. अ‍ॅप कच्ची उंची दाखवतं की समुद्रसपाटीपासूनची, ते घरीच तपासा. घराच्या गच्चीवर आकडा खऱ्यापेक्षा साठेक मीटरने कमी आला, तर उत्तर मिळालं.

३. बॅरोमीटरवाल्या अ‍ॅपमध्ये पायथ्याच्या गावची माहीत असलेली उंची भरा. कळसूबाईसारख्या शिखरावर, जिथे १६४६ मीटर हा आकडा पक्का आहे, तिथे परत जुळवून घ्या.

४. मदत मागायची वेळ आली तर ११२ ला अक्षांश-रेखांश सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. "कड्याच्या वर आहे", "ओढ्याच्या डाव्या बाजूला आहे", "शेवटचं मंदिर मागे टाकून अर्धा तास झाला" हे शब्दांत सांगा. हे कुठलाही सेन्सर तुमच्याइतकं नीट सांगू शकत नाही.

आणि एक प्रयोग आजच करून बघा. फायफॉक्समधला लिफ्टचा प्रयोग सुरू करा, फोन हातात धरून सोसायटीच्या लिफ्टने तळमजल्यावरून सर्वांत वरच्या मजल्यावर जा आणि आलेल्या उंचीला मजल्यांच्या संख्येने भागा. तीन मीटरच्या आसपास आकडा आला, तर तुमचा बॅरोमीटर ठणठणीत आहे. तुमच्या बिल्डिंगचा आकडा किती आला ते आम्हाला नक्की कळवा!