क्लॅम्पवाल्याचा दिवस

सकाळी 6.30. समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकलेल्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा गॅसवाहिनीसारखं 24 इंची काम असेल, तर साइटवर सगळ्यांत आधी जाग येते ती कॉम्प्रेसरला. वेल्डर अजून चहावर असतात. पण लाइन-अप क्लॅम्पला हवा लागते, आणि तो चालवणारा माणूस होज तपासत बसलेला असतो.

7.00. रात्री पाइपच्या तोंडाला लावलेली नाइट कॅप काढायची, आत बॅटरी मारायची. माती, दगड, एखादा विंचू. पुढच्या पाइपांतूनही कापडाचा बोळा ओढायचा. तोंडाच्या तिरक्या कडा, म्हणजे बेव्हल, घासून चकचकीत करायच्या.

7.30. पहिला जॉइंट. क्लॅम्प म्हणजे पाइपच्या आत चाकांवर सरकणारा पोलादी सांगाडा. त्यावर शूजची दोन कडी असतात. पहिलं कडं जोडलेल्या लाइनच्या टोकात फुगवलं, की शूज आतून भिंतीला घट्ट बसतात. साइड बूमने, म्हणजे पाइप उचलणाऱ्या यंत्राने, उचललेला नवा पाइप, 12 मीटर लांब आणि साडेनऊ मिलिमीटर जाड असेल तर सुमारे 1,700 किलोचा, उरलेल्या अर्ध्या क्लॅम्पवर सरकवायचा. दोन्ही पाइपांच्या लांबीतल्या शिवणी एका रेषेत येता कामा नयेत. मग रूट गॅप, म्हणजे दोन तोंडांमधली फट, बघायचा, साधारण दीड मिलिमीटर. तो जमला की दुसऱ्या कड्याला हवा.

क्लॅम्पचा खरा गुण इथे दिसतो. कुठलाच पाइप अगदी गोल नसतो. आतून सगळीकडून सारखा दाब आला की जरा चेपलेलं तोंडही गोलाईवर येतं. दोन कडांमधल्या उंचसखलपणाला साइटवर हाय-लो म्हणतात. सारख्या जाडीच्या पाइपांत एपीआय 1104 हे मानक 3 मिलिमीटरपर्यंत चालवून घेतं; बरेच इन्स्पेक्टर त्याच्या निम्म्यावरच अडतात, आणि बरोबर करतात.

7.50. दोन वेल्डर दोन बाजूंना. पाइपचा घेर इथे घड्याळासारखा मोजतात: बारापासून सुरुवात, खाली सहावर शेवट. रूट, म्हणजे वेल्डचा पहिला थर, चालू असताना क्लॅम्पवाल्याने हात बांधून उभं राहायचं. हेच त्याचं सर्वांत अवघड काम आहे, कारण मागून कोणीतरी ओरडतच असतो, ‘‘सोड लवकर, बूम रिकामी कर!’’ अर्ध्या रूटवर क्लॅम्प सोडला आणि पाइप जरासा हलला, तर तो पातळ थर तडकतो. सेल्युलोजच्या रॉडमुळे वेल्डमध्ये हायड्रोजन शिरलेला असतोच. त्यात ताण आला की भेग पडायला आयतं निमित्त. म्हणून रूट पूर्ण झाल्यावरच हवा सोडायची. त्यावरचा दुसरा थर, म्हणजे हॉट पासही, लगोलग मारायचा.

मग पाइपच्या मोकळ्या तोंडातून बाहेर आलेल्या लांब दांड्याने क्लॅम्प पुढच्या टोकाशी ओढून घ्यायचा. हेच पुन्हा पुन्हा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणि त्यानंतरही. दुपारी पोलादाला हात लावता येत नाही, एवढंच वेगळं. (काही मोठ्या प्रकल्पांत क्लॅम्पलाच वेल्डिंगची डोकी बसवलेली असतात आणि पहिला थर आतूनच पडतो.)

4.00. टाय-इन, म्हणजे दोन लांब तुकड्यांची गाठ. इथे आतला क्लॅम्प चालत नाही, कारण जोडल्यावर तो काढणार कुठून? बाहेरून कवटाळणारा क्लॅम्प लावतात. त्याची मोकळीक अशी, की घेरावर सारख्या अंतराने निम्मा रूट झाला की तो काढता येतो. फिटिंग मात्र डोळ्यावर आणि पाचरींवर. सगळ्यांत जास्त वेळ हाच जॉइंट खातो.

6.00. क्लॅम्प बाहेर, शूज पुसून झाकलेले. पाइपच्या तोंडावर नाइट कॅप. रेडिओग्राफीवाले आता येतील.

प्रत्येक जॉइंटशेजारी पाइपवर वेल्डरचा नंबर लिहिलेला असतो. फिल्ममध्ये दोष निघाला की त्यालाच बोलावतात. माझं म्हणणं इतकंच, की फिट-अपच्या नोंदीत क्लॅम्प चालवणाऱ्याचाही नंबर यावा, आणि हवा कधी सोडली ती वेळही.