याची टोपी त्याला... पण हिशेबानं!

‘तुमची थकबाकी आमच्या कार्डावर आणा, व्याज शून्य!’ असे फोन तुम्हालाही येत असतील. घ्यावी का ही ऑफर?

ऐन मीटिंगमध्ये फोन थरथरतो. ‘मॅडम, बॅलन्स ट्रान्सफरची स्पेशल ऑफर आहे, झिरो परसेंट इंटरेस्ट!’ आपण ‘नको’ म्हणतो आणि फोन कट. पण ज्याच्या कार्डावर लाखभर रुपये थकलेत, त्याचं बोट त्या लाल बटणावर जरा थबकतं. झिरो परसेंट? खरंच?

प्रकरण तसं सोपं आहे. नवी बँक तुमच्या जुन्या कार्डाची थकबाकी परस्पर भरून टाकते आणि तुम्ही तिचे देणेकरी होता. बदल्यात ठरावीक मुदतीपुरतं व्याज लागत नाही, किंवा बरंच कमी लागतं. आपल्या भाषेत याची टोपी त्याला! पण प्रत्येक वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. कधीकधी टोपी बदलणं शहाणपणाचंही ठरतं. कधी, तेच तर बघायचंय.

‘मिनिमम’ची मेख

माझी एक मैत्रीण हिंजवडीत नोकरी करते. (‘नाव छापलंस तर बघ हं,’ असा दम तिनं आधीच भरलाय.) भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट, फ्रिज, लॅपटॉप, भावाची क्लासची फी... उधळपट्टी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. तरी कार्डावर एक लाख थकले. ‘अगं, पण मी एकही महिना चुकवलेला नाही, दर महिन्याला मिनिमम ड्यू भरतेच की!’ असं ती अगदी अभिमानानं सांगत होती. घरी मात्र कुणालाच पत्ता नव्हता. आणि पुढच्या वर्षी बाबांबरोबर जॉइंट होम लोनसाठी अर्ज करायचा होता. बँक क्रेडिट रिपोर्ट काढणार, म्हणजे सगळं बाहेर येणार!

मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तिच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे झाले महिन्याला ४.१३ टक्के. एक लाखावर दर महिन्याला एकूण थकबाकीच्या ५ टक्के एवढीच किमान रक्कम भरत राहिलं, नवी एक रुपयाचीही खरेदी केली नाही, तर वर्षभरात खिशातून जातात जवळजवळ ५९ हजार. आणि थकबाकी किती उरते? जवळपास ८८ हजार! ती दोन मिनिटं गप्पच बसली.

व्याजाला कायद्यानं लगाम असेल, या भरवशावरही राहू नका. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं खरं. पण २० डिसेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं तो निर्णय रद्द केला.

शून्य म्हणजे किती?

मैत्रिणीच्या हातात दोन ऑफर होत्या. पहिली : तीन महिने शून्य टक्के, प्रोसेसिंग फी २ टक्के अधिक जीएसटी, मुदत संपली की नेहमीचं साडेतीन टक्के. दुसरी : सहा महिन्यांचे समान हप्ते, दरमहा दीड टक्का व्याज अधिक जीएसटी, फी नाही. तिचा कल अर्थातच शून्याकडे. आकडाच तसा गोड ना!

भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे वजा जाता ती महिन्याला १८ हजार बाजूला काढू शकत होती. तेवढ्यावर हिशेब मांडला. काहीच न हलवता जुन्याच कार्डावर महिन्याला १८ हजार भरले, तर व्याजापायी सुमारे १६ हजार जाणार. शून्यवाल्या ऑफरमध्ये फी आणि तीन महिन्यांनंतरचं व्याज मिळून सुमारे ६,३५० रुपये. आणि दीड टक्केवालीत? सुमारे ६,३०० रुपये! म्हणजे शून्य आणि दीड जवळपास सारखेच निघाले. कारण तीन महिन्यांत लाख फेडायचे तर महिन्याला ३३ हजारांवर भरायला हवेत. तेवढे तिच्याकडे नव्हतेच.

या ‘झिरो’बद्दल रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांचे कान टोचले होते. कार्डाच्या थकबाकीवरच्या शून्य टक्के ईएमआय योजनांमध्ये व्याज बरेचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून वसूल केलं जातं, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून ‘व्याज किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘सगळं मिळून माझ्या खिशातून किती जाणार?’ हे विचारा.

आणखी एक. इंटरनेटवर या विषयावर सल्ल्यांचा पाऊस आहे, पण त्यातला बराचसा ब्रिटन-अमेरिकेतला. तिथे शून्य टक्क्यांची मुदत वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त असते. आपल्याकडची मुदत सहसा काही महिन्यांचीच. तिकडचे सल्ले इकडे चिकटवलेत तर आगीतून फुफाट्यात!

खरा घोटाळा नंतर

टोपी बदलली की जुनं कार्ड एकदम रिकामं होतं. पूर्ण लिमिट पुन्हा हजर! त्यात सेल चालू असेल तर बघायलाच नको. सहा महिन्यांनी दोन्ही कार्डं भरलेली, आणि हप्ता मात्र डबल. बॅलन्स ट्रान्सफरमुळे कर्ज फिटत नाही, फेडायला थोडी स्वस्त उसंत मिळते. ती उसंत शॉपिंगमध्ये घालवली तर आजचं मरण उद्यावर, एवढंच.

कार्ड हलवण्याआधी

* थकबाकी अधिक फी, भागिले ऑफरचे महिने. येणारा आकडा दर महिन्याला झेपेल? नसेल तर कमी व्याजाची, जास्त मुदतीची ऑफर बघा.
* मुदत संपल्यावर व्याजदर किती, आणि एखादा हप्ता चुकला तर ऑफर रद्द होते का, हे लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो मॅडम’ला अर्थ नाही.
* नव्या कार्डावर खरेदी करू नका. थकबाकी असताना केलेल्या खरेदीवर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.
* जुन्या कार्डावर पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंटमध्ये दिसेपर्यंत तिथली किमान रक्कम भरत राहा.
* पाच बँकांकडे एकदम अर्ज नको. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते. आधी स्वतःचा रिपोर्ट बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.
* जुनं कार्ड बंद करायचंय? २०२२च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, सगळी थकबाकी भरलेली असेल तर अर्जानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला!

मैत्रिणीनं शेवटी दीड टक्केवाली ऑफर घेतली. दोन्हींचा खर्च सारखाच, मग ठरलेला हप्ता बरा, तीन महिन्यांनंतरची धाकधूक नको, हे तिचं गणित. त्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, ‘फेडणार कधी?’ तिनं हप्त्यांचा कागद पुढे ठेवला.

तुमचंही कार्ड थकलं असेल तर आज रात्री हाच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तरात तारीख आणि आकडा दोन्ही असतील, तर खुशाल बदला टोपी. नसतील, तर त्या फोनला ‘नको’च म्हणा!