गाणं एक, तारखा अनेक : ऑलमन ब्रदर्स बँडच्या चाहत्यांची आवड

मागच्या व्याख्यानात आपण ब्लूजची बारा बारांची चौकट समजून घेतली. आज त्या चौकटीतून निघून ४५ वर्षं प्रवास केलेल्या एका बँडकडे वळू. त्याचं नाव ऑलमन ब्रदर्स बँड. मार्च १९६९मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल गावात तो जमला, लगेच जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात स्थिरावला आणि ऑक्टोबर २०१४मध्ये थांबला.

या बँडच्या जुन्या चाहत्याला विचारा, ‘तुझं आवडतं गाणं कोणतं?’ तो नुसतं नाव सांगून थांबत नाही. ‘व्हिपिंग पोस्ट, पण मार्च १९७१चं, फिलमोर ईस्टमधलं,’ असं सांगतो. गाण्याच्या नावाला तारीख आणि जागा जोडलेली असते. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही कुणाचा नुसता ‘यमन’ आवडतो असं म्हणत नाही, अमक्या मैफलीतला अमक्यांचा यमन म्हणतो. पण रॉकमध्ये गाणं म्हणजे बहुधा रेकॉर्डवर पक्कं झालेलं, तीन-चार मिनिटांचं. मग इथे तारीख का लागते? आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

आधी ‘व्हिपिंग पोस्ट’च घेऊ. हे गाणं ग्रेग ऑलमनचं. ग्रेग म्हणजे धाकटा भाऊ, गायक आणि ऑर्गनवादक. १९६९च्या पहिल्या अल्बममध्ये ते साधारण सव्वापाच मिनिटांचं आहे. फिलमोर ईस्टच्या रेकॉर्डवर तेच गाणं तेवीस मिनिटं चालतं. वाढलेली अठरा मिनिटं कुठून आली?

सुरुवात ऐका. एकट्या बास गिटारवर एक घुमणारी ओळ येते. ती मोजून पाहा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा मात्रा. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्रताल आहे, त्यामुळे इथे बसलेल्या तबलजींना हसू येईल. पण १९६९च्या रॉकमध्ये हे फारच वेगळं होतं. गंमत म्हणजे ग्रेगला आपण अकरात रचलंय हे माहीतच नव्हतं. थोरल्या भावानं, ड्वेननं, ते त्याला मोजून दाखवलं. शेवटच्या दोन मात्रांमुळे ओळ दर वेळी थोडी आधीच संपते आणि ऐकणारा पुढे ढकलला जातो. गायन सुरू झालं की लय सरळ होते, श्वास घेता येतो. ही ताणाची आणि सुटकेची जागा रचनेतच आहे, म्हणून वादक मधल्या भागात हवं तितकं हिंडू शकतात. परतायची वाट पक्की ठाऊक असते.

शीर्षकाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. व्हिपिंग पोस्ट म्हणजे माणसाला बांधून फटके मारायचा खांब. गाण्यात ती प्रेमातल्या यातनेची प्रतिमा आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेत त्या खांबाला गुलामगिरीचा इतिहास आहे, आणि या बँडचा एक ढोलकिया, जेमो, कृष्णवर्णीय होता. १९६९मध्ये जॉर्जियात असा मिश्र बँड एकत्र राहतो, एकत्र प्रवास करतो, ही साधी बाब नव्हती.

फिलमोर ईस्ट हे न्यूयॉर्कमधलं बिल ग्रॅहम यांचं थिएटर. १२ आणि १३ मार्च १९७१ला तिथे ध्वनिमुद्रण झालं, निर्माता टॉम डाउड. दोन एलपींच्या चार बाजू आणि गाणी फक्त सात. त्यातलं पहिलं ‘स्टेट्सबोरो ब्लूज’. ते बँडचं नाही. ते जॉर्जियाच्याच ब्लाइंड विली मॅकटेल या अंध, कृष्णवर्णीय गायकानं १९२८मध्ये रेकॉर्ड केलं होतं. मॅकटेल १९५९मध्ये गेले. त्यांचं गाणं हजारो तरुणांच्या घरात पोचलं ते त्यांच्यामागे. चाहते आपल्या यादीत हे गाणं वर ठेवतात तेव्हा त्या पसंतीतला मोठा वाटा मॅकटेल यांचा आहे, हे आपण तरी म्हटलं पाहिजे.

या गाण्यात ड्वेन स्लाइड वाजवतो. बोटात औषधाची रिकामी काचेची बाटली घालून ती तारांवरून सरकवायची. गिटारच्या पडद्यांनी ठरवून दिलेले स्वर मग बंधनकारक राहत नाहीत. दोन स्वरांच्या मधली सगळी जागा मिळते. आपल्या भाषेत सांगायचं तर मींड मिळते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तिसरं गाणं ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’. दुसरा गिटारवादक डिकी बेट्स याची ही शब्दविरहित रचना. ती मनात होती एका वेगळ्याच स्त्रीसाठी. तिचं नाव उघड होऊ नये म्हणून बेट्सनं मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीतल्या एका जुन्या थडग्यावरचं नाव उचललं. बँडची मंडळी तिथे जाऊन बसत असत. या रचनेवर माइल्स डेव्हिसच्या जॅझचा ठसा स्पष्ट आहे: कॉर्ड भराभर बदलण्याऐवजी एका स्वरसमूहात ठाण मांडून तो उलगडत न्यायचा. दोन गिटार एकच धून वेगवेगळ्या स्वरांवरून जोडीनं वाजवतात, मग एकेक जण सुटा होतो. मागे दोन ढोलकिये: बुच ट्रक्स लय धरून ठेवणारा, जेमो तिला जॅझच्या अंगानं झुलवणारा.

आणि इथून गोष्ट बदलते. रेकॉर्ड जुलै १९७१मध्ये आली. २९ ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय चोवीस. वर्षभरानं, नोव्हेंबर १९७२मध्ये, बासवादक बेरी ओकली त्याच शहरात तसाच गेला. त्याचंही वय चोवीसच. ज्या रोझ हिलमधून गाण्याला नाव मिळालं, तिथेच दोघांना शेजारी शेजारी ठेवलं आहे.

आता त्या तारखेचा अर्थ लागतो. ‘मार्च १९७१’ म्हणणारा चाहता नुसती चांगली आवृत्ती सांगत नसतो. सहाही जण एकत्र होते तेव्हाचं, असं तो सांगत असतो.

मग ड्वेननंतरची गाणी कमी प्रतीची का? इथे चाहत्यांमध्ये खरा वाद आहे. एक गट १९७१वर थांबतो. दुसरा ‘जेसिका’चं नाव घेतो. १९७३च्या ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ अल्बममधली ही रचना बेट्सनं जँगो राइनहार्टच्या प्रेरणेनं, डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवता येईल अशी बांधली. राइनहार्टची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. धुनेला नाव मिळालं ते बेट्सच्या लहानग्या मुलीचं. ड्वेनच्या जागी बँडनं तेव्हा दुसरा गिटारवादक आणला नव्हता. चक लव्हेल हा पियानोवादक आला होता. रिकामी जागा रिकामीच ठेवून शेजारी नवं दार काढावं तसं. इतक्या दुःखानंतर इतकी उजळ धून निघाली, म्हणून ती अनेकांना प्रिय आहे.

चाहत्यांच्या आग्रहाची ताकद किती असते पाहा. १९७४मध्ये हेलसिंकीत फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी ‘व्हिपिंग पोस्ट’ची फर्माईश ओरडून केली. झॅपाच्या बँडला ते गाणं येत नव्हतं. पुढे झॅपानं ते बसवलं आणि १९८४च्या आपल्या अल्बममध्ये घेतलं. एका श्रोत्याच्या हाकेला दहा वर्षांनी मिळालेलं उत्तरच म्हणा.

आता मघाचा मींडेचा मुद्दा. १९९९मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स बँडमध्ये आला. वय वीस. स्लाइडवर त्याचा हात विलक्षण. पण त्यानं ड्वेनची नक्कल केली नाही. तो कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात काही काळ शिकला होता. सरोदला पडदे नसतात. काचेखालच्या तारेलाही नसतात. त्यामुळे तेच जुनं ‘एलिझाबेथ रीड’ त्याच्या हातात वेगळ्या वळणानं गाऊ लागलं. बंदिश तीच, गळा निराळा.

माझं मत सांगतो. जे गाणं एकाच माणसाचं असतं ते त्याच्याबरोबर थांबतं. ज्या गाण्यात दुसऱ्याला शिरायला जागा असते, ते पुढे जातं. म्हणून तारीख दोन गोष्टी सांगते: त्या रात्री कोण होतं, आणि ती रात्र शेवटची नव्हती.

२८ ऑक्टोबर २०१४. न्यूयॉर्कचं बीकन थिएटर. शेवटचा कार्यक्रम. मूळ सहांपैकी ग्रेग, बुच आणि जेमो मंचावर. वाजवता वाजवता मध्यरात्र उलटली, २९ तारीख लागली. ड्वेनला जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती. अखेरचं गाणं होतं मडी वॉटर्सचं ‘ट्रबल नो मोर’. १९६९मध्ये एकत्र बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा वाजवलं होतं तेच.

घरी गेल्यावर ‘व्हिपिंग पोस्ट’ दोनदा ऐका. आधी सव्वापाच मिनिटांचं, मग तेवीस मिनिटांचं. अकरा मात्रा बोटांवर मोजा. मोजणं कुठे सुटलं तेवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.