खुडूक

खुडूक कोंबडी आधी आवाजावरून कळते. एरवीचा कलकलाट जातो आणि घशातून खोल, तुटक 'खुड् खुड्' सुरू होतं. पाटीत हात घातला की पिसं फुलवून ती दुप्पट दिसते, बोटाला टोचते. तरी हात पोटाखाली सरकवून पाहावा. तिथली पिसं गळलेली असतात आणि उघडी कातडी चांगली गरम लागते. हा आजार समजून लोक माझ्याकडे औषध विचारायला येतात, तेव्हा मला वाईट वाटतं. तिच्या अंगातली सगळी शहाणीव त्या वेळी जागी झालेली असते.

प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी थांबतात, एवढं कारण पुरे. व्हाइट लेगहॉर्न जातीतून खुडूक होण्याचा गुण पैदाशीत जवळजवळ घालवलाच. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की बसायला बघते.

बसवायची ठरली तर आजीची रीत मी सोडलेली नाही. पाटीत तळाला राख, वर पेंढा, कडुनिंबाचा पाला. आठवड्याच्या आतली, पोटाखाली मावतील एवढीच दहा-बारा अंडी. दिवेलागणीनंतर, अंधारात बसवायची. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उतरते, पाणी पिते, दाणा खाते, मातीत लोळते. एखादी उतरतच नाही. तिला उचलावं, पण आधी पंखांखाली चाचपून. तिथे अंडं अडकलेलं असतं आणि ते खाली पडून फुटतं. माझी अशी दोन फुटली आहेत.

सातव्या रात्री बॅटरीवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये हलणारा ठिपका. शिरा नसलेलं अंडं वांझ, ते काढून घ्यायचं. ती मात्र दिवसातून कितीदा तरी चोचीने अंडी फिरवत असते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो.

आणि विसावी रात्र! ती मी कधी चुकवत नाही. अंडं कानाला लावलं की आतून बारीक 'चिक' येतं. अंडं परत ठेवलं की कोंबडी एरवीपेक्षा हळू आवाजात उत्तर देते. एकविसाव्या दिवशी कवचाला पहिली चीर पडते. पिल्लू सोडवायला हात घालू नये. रक्तवाहिन्या अजून ओल्या असतात. बाहेर आल्यावरही घाई नको. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरतं. म्हणूनच आई मागाहून फुटणाऱ्यांसाठी थांबू शकते.

पिल्लं नकोच असतील तर तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावं. दाणापाणी भरपूर, सावली, खालून वारा. पोट निवलं की खुडूक मोडतं. नाकात पीस खोवणं, पाण्यात बुचकळणं मी लहानपणी पाहिलंय. ते कुणी करू नये.

गेल्या पावसाळ्यात एकीखाली चारच पिल्लं निघाली. त्याच दिवशी बाजारातून गिरिराजा जातीची एक दिवसाची आठ आणली आणि रात्री अंधारात एकेक तिच्या पंखाखाली सरकवली. ती फक्त थोडी वर उठली आणि पुन्हा पसरून बसली. सकाळी बाराही पिल्लं घेऊन ती उकिरड्यावर माती उकरत होती.